दुधाचे दात ते पक्के दात: कोणता दात कधी येतो, आणि तो आला की काय करायचं

मुलांच्या दातांबाबत घरोघरी एक उलटा प्रकार चालतो. आठवा महिना उलटला आणि दात दिसला नाही की घर काळजीत पडतं. पण सहाव्या वर्षी आयुष्यभर पुरायची दाढ हिरडीतून वर येते, तेव्हा ती आल्याचं कोणाच्या गावीही नसतं. पहिल्या बाबतीत बहुधा नुसती वाट पाहायची असते. दुसऱ्या बाबतीत वर्षभराचं दुर्लक्षसुद्धा महागात पडतं. म्हणून इथे नुसतं वेळापत्रक न देता प्रत्येक टप्प्यावर तोंडात नेमकं काय बघायचं आणि हाताने काय करायचं, तेही सांगितलं आहे.

दात दिसण्याआधी

दुधाच्या दातांची सुरुवात गर्भारपणाच्या साधारण सहाव्या आठवड्यात होते आणि चौथ्या महिन्यापासून त्यांच्यावर कठीण थर चढू लागतो. बाळ जन्मतं तेव्हा सगळे वीस दुधाचे दात जबड्यात कमी-अधिक तयार असतात. पहिल्या पक्क्या दाढेवर थर चढायला जन्माच्या सुमारासच सुरुवात होते, वरच्या पुढच्या मधल्या दोन पक्क्या दातांवर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. या पुढच्या दातांचा दिसणारा भाग चार-पाच वर्षांपर्यंत हिरडीच्या आत पूर्ण होतो.

याचा व्यवहारात अर्थ असा, की सातव्या वर्षी दिसणाऱ्या दाताचं कवच पहिल्या चार-पाच वर्षांत घडलेलं असतं. त्या काळातलं मोठं आजारपण किंवा पाण्यातलं जास्त फ्लोराइड यांचे डाग नंतर पक्क्या दातांवर उमटतात. टेट्रासायक्लिन गटातली काही औषधं आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत, तीही याच कारणासाठी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. अशा भागात राहत असाल तर बाळाचं वरचं खाणं सुरू होण्याआधी पाणी तपासून घ्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं.

दुधाचे दात कोणत्या क्रमाने येतात

महिने थोडे मागेपुढे होतात, क्रम मात्र बऱ्यापैकी ठरलेला असतो:

- खालचे मधले दोन: ६ ते १० महिने
- वरचे मधले दोन: ८ ते १२ महिने
- त्यांच्या शेजारचे: वरचे ९ ते १३, खालचे १० ते १६ महिने
- पहिल्या दुधाच्या दाढा: १३ ते १९ महिने
- सुळे: १६ ते २३ महिने
- दुसऱ्या दुधाच्या दाढा: २३ ते ३३ महिने

सुळ्यांच्या आधी दाढा येतात, त्यामुळे मधे रिकामी जागा दिसते आणि ‘एक दात आलाच नाही’ असं वाटतं. ती जागा सुळ्याची असते.

पहिल्या वाढदिवसापर्यंत एकही दात नसला तरी बाळाची बाकीची वाढ नीट असेल तर थांबायला हरकत नाही. दीड वर्ष झालं आणि तरीही दात नसेल तर बालरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य दोघांनाही दाखवा. थायरॉइडची कमतरता, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा मुडदूस किंवा काही जन्मजात कारणं दात लांबवतात. कॅल्शियमची बाटली आणून पाजल्याने धडधाकट बाळाचा दात लवकर येत नाही. दुसरी खूण जोडीची. डावीकडचा दात आला की उजवीकडचा तसाच दात सहा महिन्यांच्या आत यायला हवा. नाही आला तर एकदा तपासून घ्या. वयापेक्षा ही खूण जास्त भरवशाची आहे.

आधी वरचे दात आले तर मामाला वाईट, असं अजूनही बऱ्याच घरांत म्हणतात. क्रम उलटा होणं हा निव्वळ वेगळेपणा आहे. त्याचा कोणाच्या आयुष्याशी संबंध नाही आणि त्यासाठी काही करावं लागत नाही.

काही बाळं जन्मतःच एखादा दात घेऊन येतात. हा बहुधा जादा दात नसतो, खालचा मधला दुधाचा दातच लवकर आलेला असतो. तो घट्ट असेल तर ठेवतात. फारच हलत असेल, दूध पिताना अडथळा आणत असेल किंवा घासून जिभेखाली जखम झाली असेल तर दंतवैद्य निर्णय घेतात. घरी ओढून काढू नका. नवजात बाळाच्या हिरडीवर किंवा तोंडातल्या टाळूला मोत्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, ते दात नव्हेत. काही आठवड्यांत आपोआप जातात.

दात येतानाचा त्रास

लाळ गळणं, हाताला लागेल ते तोंडात घालणं, हिरडी लाल होणं, एक-दोन रात्री झोप मोडणं, इतका त्रास दातांमुळे होतो. अंग किंचित कोमट लागू शकतं. पण ताप ३८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला किंवा पातळ जुलाब सुरू झाले, तर ते ‘दातांचं’ म्हणून सोडून देऊ नका. सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, बाळ रांगू लागतं आणि जमिनीवरचं सगळं तोंडात जातं. संसर्ग आणि दात एकाच वयात येतात, म्हणून दोष दाताला लागतो. तोवर बाळाच्या शरीरातलं पाणी कमी होत राहतं, हा यातला खरा धोका. जुलाब असतील तर ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना गाठा.

हिरडीला आराम द्यायला साधे उपाय पुरतात. हात स्वच्छ धुवून बोटाने हिरडी हलकेच दोन-तीन मिनिटं चोळा. स्वच्छ ओलं फडकं किंवा एकसंध रबरी रिंग फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे, गार करून चावायला द्या. गोठलेली वस्तू नाजूक हिरडीला इजा करते. आत द्रव भरलेली रिंग फुटते, ती टाळा. गाजराचा किंवा काकडीचा तुकडा चावायला देऊ नका. दोन दात आलेलं बाळ तुकडा मोडू शकतं, चावू शकत नाही, आणि तो घशात अडकतो. दात येताना बाळाच्या गळ्यात घालतात त्या मण्यांच्या माळांमध्ये गळा आवळण्याचा आणि मणी घशात जाण्याचा असे दोन्ही धोके आहेत.

हिरडीला लावायच्या जेलबाबत स्पष्ट सांगायला हवं: तान्ह्या बाळाला ती लावू नका. बेन्झोकेन असलेल्या जेलमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद धोकादायकरीत्या घटू शकते. लिग्नोकेन जास्त गिळलं गेलं तर झटके येऊ शकतात. कोलीन सॅलिसिलेट हे अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं असून ब्रिटनने २००९ मध्ये ते सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी बंद केलं. शिवाय लाळ इतकी गळत असते की लावलेलं जेल फार वेळ टिकतही नाही. बाळ फारच बेचैन असेल तर वजनानुसार पॅरासिटामॉल किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून एक-दोन वेळा देता येतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या हिरडीला मध चोळू नका. मधातल्या काही जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला जीवघेणा आजार होऊ शकतो.

दात वर येण्याआधी हिरडीवर कधी निळसर फुगवटा दिसतो. येणाऱ्या दाताभोवती द्रव साठल्याने तो होतो आणि दात बाहेर आला की बसतो. टोचू नका.

पहिल्या दातापासून ब्रश

दात एकच असला तरी घासायचा. डोकं लहान आणि केस मऊ असलेला ब्रश घ्या. टूथपेस्ट फ्लोराइडचीच घ्या. नळीवर ‘पीपीएम’ हा फ्लोराइडच्या प्रमाणाचा आकडा बघा. भारतात १००० पीपीएम ही कायदेशीर कमाल मर्यादा आहे आणि आकडा नळीवर छापावा लागतो. मुलांच्या म्हणून मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये हे प्रमाण निम्मं असतं, काहींत शून्य. चित्र आणि चव बघून पेस्ट निवडू नका, आकडा वाचा.

किती घ्यायची हे ठरलेलं आहे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, ब्रशवर नुसती माखलेली. तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. तांदळाएवढ्या, म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम पेस्टमध्ये ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. बाळाने ते गिळलं तरी चिंता नको. जाहिरातीत ब्रशभर पिळलेली लांब पट्टी दिसते, ती मुलांसाठी नाहीच. पाण्यातच फ्लोराइड जास्त असलेल्या गावात कोणती पेस्ट वापरायची ते मात्र दंतवैद्यांना विचारून ठरवा.

घासायची पद्धत अशी. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला मांडीवर आडवं घ्या, डोकं तुमच्या पोटाजवळ. बाळ फार हलत असेल तर दोघांनी गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसा. एकाच्या मांडीवर डोकं, दुसऱ्याकडे पाय आणि हात. डाव्या हाताच्या तर्जनीने वरचा ओठ उचला. ओठाच्या मधोमध आतून एक पातळ पडदा हिरडीला जोडलेला असतो. ब्रश त्यावर आपटला की दुखतं, आणि बरीच मुलं ब्रशला घाबरतात ती त्यामुळे. म्हणून बोट त्या पडद्यावर आडवं ठेवा आणि ब्रश बोटाच्या खालून फिरवा. केस निम्मे दातावर, निम्मे हिरडीच्या कडेवर. छोट्या छोट्या गोल फेऱ्या. बाहेरची बाजू, आतली बाजू, मग दाढांचा माथा.

घासून झालं की थुंकायला सांगा, पण खळखळून चूळ भरायला लावू नका. दातांवर राहिलेला पेस्टचा थरच पुढे काम करतो. सकाळी आणि रात्री, दोन वेळा. यातली एक चुकलीच तर सकाळची चुको. झोपेत लाळ कमी होते आणि दातावर राहिलेली साखर धुतली जात नाही, त्यामुळे रात्रीचा ब्रश सोडून चालत नाही.

मूल स्वतः ब्रश धरू लागलं तरी सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी एकदा घासून द्यायचं. बुटाची नाडी ज्याला सफाईने बांधता येत नाही, त्याला मागच्या दाढा घासता येत नाहीत, हा साधा निकष आहे.

मिश्री किंवा मशेरी मुलाच्या दातांना कधीही लावू नका. घरातली मोठी माणसं लावतात म्हणून बाळाच्या हिरडीला बोट लावलं जातं, आणि ती तंबाखू आहे. लाल दंतमंजन, राखुंडी, कोळसा यांनी दुधाच्या दाताचं पातळ कवच घासून जातं.

महिन्यातून एकदा ओठ उचलून बघा

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. उजेडात बाळाला मांडीवर घ्या, वरचा ओठ नाकाकडे वळवा आणि पुढच्या चार दातांची हिरडीलगतची कड स्वच्छ सुती कापडाने कोरडी करा. ओल्या दातावर सुरुवातीची कीड दिसत नाही, म्हणून कोरडं करणं महत्त्वाचं. हिरडीला समांतर अशी खडूसारखी पांढरी, चमक गेलेली रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी. या पायरीवर कीड मागे फिरवता येते. रात्रीचा ब्रश नीट सुरू करा, गोड कमी करा आणि दंतवैद्यांकडून फ्लोराइड वॉर्निश लावून घ्या. ते ब्रशने दातावर फासतात, दोन मिनिटांचं काम असतं आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. रेघ तपकिरी झाली आणि तिथे खड्डा पडला की ती परत भरून येत नाही.

ही कीड वरच्या पुढच्या दातांना आधी लागते. खालचे पुढचे दात दूध पिताना जिभेखाली झाकलेले असतात आणि जिभेखालची लाळ त्यांना धूत राहते. वरच्यांना हे संरक्षण नाही. बाळ दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपलं तर दूध त्याच दातांभोवती तासन्‌तास साचून राहतं. वर्षानंतर बाटली सोडवून कपावर आणा. झोपताना बाटली लागतेच असं असेल तर त्यात फक्त पाणी. दुधात साखर, गूळ किंवा चवीची पावडर घालायची सवयच लावू नका. स्तनपान थांबवायची गरज नाही, पण दात आल्यावर रात्री पाजण्याआधी दात घासलेले हवेत.

साखर एकूण किती पोटात गेली यापेक्षा दिवसातून किती वेळा तोंडात गेली, याने दात जास्त किडतात. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास दातावर आम्ल राहतं. जेवणानंतर एक लाडू खाल्लेला परवडला, पण दर तासाला एक बिस्किट नको. बिस्किट दाढेच्या खाचेत चिकटून बसतं, म्हणून ते तर लाडवाहून वाईट. खोकल्याचं गोड औषध रात्री दिलं तर वर पाणी पाजा.

लोहाच्या थेंबांनी दात काळे पडतात, तो डाग वरवरचा असतो. दंतवैद्य तो पुसून काढतात आणि घरी थेंब जिभेच्या मागच्या बाजूला दिले तर कमी पडतो.

पहिली दंततपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दात आवर्जून दाखवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

फटी असू द्या

तीन वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या दातांत फटी असणं ही चांगली गोष्ट आहे. पुढचे पक्के दात दुधाच्या दातांपेक्षा बरेच रुंद असतात. वरच्या चार दातांना मिळून साधारण साडेसात मिलिमीटर जास्त जागा लागते, खालच्यांना सहा. यातली काही जागा फटींतून मिळते, काही जबड्याच्या वाढीतून. दुधाचे दात एकमेकांना घट्ट चिकटून सरळ रांगेत असतील तर ते दिसायला सुंदर दिसतात, पण पक्के दात वेडेवाकडे येण्याची शक्यता जास्त असते.

जिथे दुधाच्या दोन दाढा एकमेकींना टेकतात, तिथे ब्रशचे केस पोचत नाहीत. चौथ्या वर्षापासून या फटीतून रात्री एकदा फ्लॉसचा दोरा फिरवा. या वयातल्या दाढांची कीड बहुधा तिथेच, नजरेआड सुरू होते. दुधाच्या दाताचं कवच पक्क्याच्या जवळजवळ निम्म्या जाडीचं असतं, त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत फार लवकर पोचते.

सहाव्या वर्षीची दाढ

या सगळ्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. साडेपाच ते सात वर्षांच्या दरम्यान शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे चार पक्क्या दाढा येतात, प्रत्येक बाजूला वर-खाली एकेक. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही. दात पडला नाही म्हणजे आलेली दाढ दुधाचीच असणार, असं घरचे समजतात. ती किडली की ‘पडून नवी येईल’ म्हणून थांबतात. ती पुन्हा येत नाही.

ओळखायची रीत सोपी. दोन मधल्या दातांच्या मधून सुरू करा आणि एका बाजूला मागे मोजत जा: एक, दोन, तीन हा सुळा, चार आणि पाच या दुधाच्या दाढा. सहावा दात दिसला तर तो पक्का. पाचव्या वाढदिवसानंतर दर महिन्याला चारही कोपरे असे मोजा.

ही दाढ एकदम वर येत नाही. आधी पुढचे उंचवटे हिरडीतून डोकावतात. मागच्या अर्ध्या भागावर हिरडीचा पापुद्रा कित्येक महिने राहतो आणि त्याखाली अन्न अडकतं. या काळात दाढ शेजारच्या दुधाच्या दाढेपेक्षा खालच्या पातळीवर असते. ब्रश नेहमीसारखा पुढून मागे सरकवला की तो दुधाच्या दाढेवरूनच सरकतो, नव्या दाढेला शिवतही नाही. वर तिचं कवच नुकतंच बाहेर आलेलं, अजून पुरतं पक्कं न झालेलं, आणि माथ्यावरच्या खाचा ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद. किडणाऱ्या बहुतेक दाढा या पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच किडायला लागतात, त्या यामुळे.

घासायचं असं. मुलाला तोंड अर्धवट मिटायला सांगा. पूर्ण उघडं असलं की गाल ताणला जातो आणि ब्रशला जागा राहत नाही. ओठाच्या कोपऱ्यातून ब्रश आडवा आत न्या, म्हणजे दांडी गालाकडे आणि डोकं दाढेच्या माथ्यावर काटकोनात. दहा वेळा आत-बाहेर. चारही दाढांना असंच. दाढ पूर्ण वर येऊन शेजारणीच्या पातळीला लागेपर्यंत हे काम आई-वडिलांचं.

खाचा बुजवायला सीलंट असतं. दाढ स्वच्छ करून तिच्यावर अर्धा मिनिट आम्लाचं जेल लावतात, धुऊन कोरडी करतात, खाचांमध्ये पातळ द्रव सोडतात आणि निळ्या प्रकाशाने तो घट्ट करतात. सुई नाही, ड्रिल नाही, दुखत नाही. अडचण एकच: लाळेचा थेंब लागला तर ते चिकटत नाही. म्हणून हिरडीचा पापुद्रा पूर्ण सरेपर्यंत थांबावं लागतं. किडीची शक्यता जास्त असलेल्या मुलांत तोवर ग्लास आयनोमर नावाचं ओलावा सहन करणारं साहित्य तात्पुरतं लावतात. सीलंट दर सहा महिन्यांनी तपासून घ्या. कडेचा टवका उडाला तर त्याखाली कीड लागते आणि वरून दिसत नाही.

काही मुलांची ही दाढ येतानाच पिवळसर-तपकिरी, खडबडीत असते आणि गार पाण्याने ठणकते. मूल त्या बाजूने चावत नाही, ब्रश लावू देत नाही. हा आळस किंवा हट्ट नव्हे, कवच घडतानाच कच्चं राहिलेलं असतं. अशी दाढ काही महिन्यांत कुरतडल्यासारखी तुटते, त्यामुळे लगेच दाखवा.

दात पडतात तेव्हा

सहा ते आठ वर्षांत पुढचे आठ दात बदलतात, आधी खालचे मधले. मुलींचे दात साधारण थोडे आधी येतात. पडलेल्या दाताला मूळ दिसत नाही म्हणून ‘मूळ आत राहिलं’ अशी भीती वाटते. खालून येणारा पक्का दात वर सरकताना दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं, म्हणून तर तो हलतो. हलणारा दात जिभेने आणि बोटाने हलवू द्या. दोरा बांधून हिसका देऊ नका.

खालचा पक्का दात बऱ्याचदा दुधाच्या दाताच्या मागे, जिभेच्या बाजूला येतो आणि दोन रांगा दिसतात. दुधाचा दात हलत असेल तर थांबा. तो पडला आणि जागा पुरेशी असेल तर मागचा दात जिभेच्या रेट्याने पुढे सरकतो. दोन-तीन महिने झाले आणि दुधाचा दात घट्टच असेल तर काढून घ्या.

नवे दात पिवळट दिसतात. त्यांच्या आतला पिवळा थर जाड असतो आणि शेजारचे दुधाचे दात फार पांढरे असतात, त्यामुळे फरक डोळ्यांत भरतो. कडेला करवतीसारखे दातेरी उंचवटे असतात, ते चावून झिजतात. आठ ते अकराच्या दरम्यान वरच्या पुढच्या दातांत मधोमध फट पडते आणि शेजारचे दात बाहेर झुकतात. वर जबड्यात सुळे त्यांच्या मुळांवर दाब देत खाली येत असतात, त्याचा हा परिणाम. सुळे आले की ही फट बहुधा मिटते. या वयात फक्त ती फट बंद करण्यासाठी तार लावायची घाई करू नका. सुळ्याच्या वाटेत शेजारच्या दाताचं मूळ आणलं जाऊ शकतं. वरचे दात खालच्यांच्या आत मिटत असतील तर मात्र सातव्या-आठव्या वर्षीच दाखवायला हवं. चार वर्षांनंतरही अंगठा चोखणं चालू असेल तर तो पक्के पुढचे दात येण्याआधी सुटायला हवा.

हे पुढचे दात खेळताना फार तुटतात. पक्का दात मुळासकट बाहेर आला तर वरचा चमकदार भाग धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने अलगद धुवा, घासू नका, आणि त्याच खाचेत परत बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर दात गार दुधात बुडवून तासाभराच्या आत दंतवैद्यांकडे पोचा. दुधात ठेवा, पाण्यात नको. मुळावरच्या पेशी साध्या पाण्यात मरतात. निखळलेला दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

दुधाची दाढ वेळेआधी गेली तर

दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. ‘पडणारच आहे’ म्हणून पाचव्या वर्षी किडलेली दाढ काढून टाकली, तर मागची सहाव्या वर्षीची दाढ पुढे कलते आणि खालून येणाऱ्या उपदाढेची (दुधाच्या दाढेच्या जागी येणाऱ्या पक्क्या दाताची) जागा खाते. ती मग अडकते किंवा वाकडी येते. सर्वांत जास्त जागा जाते ती दुसरी दुधाची दाढ सहाव्या वर्षीची दाढ येण्याआधीच काढली तर. म्हणून आतल्या नसेपर्यंत किडलेली दुधाची दाढही नसेचे उपचार करून आणि वर स्टीलची टोपी बसवून वाचवणं योग्य. काढावीच लागली तर जागा राखणारी तारेची कडी शेजारच्या दाढेवर बसवतात. चिक्की आणि च्युइंगगम बंद. दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि उपदाढेचं टोक दिसलं की कडी काढायची. पुढचा दुधाचा दात पडला तर सहसा कडी लागत नाही.

नऊ ते तेरा

या टप्प्यात उपदाढा (१० ते १२ वर्षं), खालचे सुळे (९ ते १०) आणि वरचे सुळे (११ ते १२) येतात. उपदाढा दुधाच्या दाढांपेक्षा अरुंद असतात. खालच्या जबड्यात त्यामुळे प्रत्येक बाजूला सुमारे १.७ मिलिमीटर जागा उरते, वर ०.९. थोडी गर्दी असेल तर या जागेत दात सावरतात.

वरचा सुळा जबड्यात सर्वांत लांबचा प्रवास करतो आणि वाट चुकण्यातही तो पुढे असतो. दहाव्या वाढदिवसाच्या सुमारास दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या आतल्या बाजूने हिरडीवर बोट फिरवा. दोन्हीकडे टणक उंचवटा लागला पाहिजे. एकीकडे लागला आणि दुसरीकडे नाही, किंवा अकराव्या वर्षापर्यंत कुठेच नाही, तर एक्स-रे काढून घ्या. टाळूकडे वळलेला सुळा या वयात सापडला तर दुधाचा सुळा काढल्याने तो अनेकदा आपणहून वाटेवर येतो. चौदाव्या वर्षी सापडला तर शस्त्रक्रिया करून ओढून आणावा लागतो आणि तोवर त्याने शेजारच्या दाताचं मूळ खाल्लेलं असू शकतं.

अकरा ते तेरामध्ये सहाव्या वर्षीच्या दाढेच्या मागे दुसरी पक्की दाढ येते. ब्रश आडवा, सीलंट, सहा महिन्यांनी तपासणी, सगळं तिलाही लागू. या वयात मूल स्वतः ब्रश करतं आणि आई-वडील तोंडात बघणं सोडून देतात, म्हणून ही दाढही गुपचूप किडते. अक्कलदाढा १७ ते २१ मध्ये येतात. काहींना येतच नाहीत आणि त्याने काही बिघडत नाही. मागची हिरडी वारंवार सुजत असेल किंवा तोंड उघडताना दुखत असेल तर मात्र त्यांच्यासाठी एक्स-रे काढावा.